अंगणाचे जुने काँक्रीट : झाकावे की फोडावे?

चंद्रपूर शहराच्या परकोटाबाहेर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, राजुरा, गडचांदूर येथील नव्या वस्त्यांत आणि पूर्वेकडे आरमोरी, देसाईगंज, गडचिरोली या गावांत १९७० ते १९९० या काळात जी घरे उभी राहिली, ती आज पस्तीस वा त्याहून अधिक वर्षांची झाली आहेत. त्यांच्या भिंती बहुधा शाबूत आहेत. थकली आहेत ती अंगणे. कुठे काँक्रीट मधोमध खचून पावसाचे डबके साचते, कुठे जोत्याला लागून बोटभर फट पडली आहे, कुठे कडुलिंबाच्या मुळाने अर्धे अंगण उचलले आहे. या शाळेतून शिकून गेलेल्या अनेकांच्या आईवडिलांनी कारखान्यातील, खाणीतील किंवा शाळेतील नोकरीच्या बचतीतून अशी घरे बांधली. आता त्यांच्या दुरुस्तीचा भार माजी विद्यार्थ्यांवर आला आहे. स्मरणिकेत असा रोकडा विषय काहींना विसंगत वाटेल; परंतु वर्षभराची शिल्लक ज्या कामात जाते, ते काम समजून करणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

या प्रसंगी बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो : ‘जुने राहू द्या, वरून तीन इंच माल टाकून घेऊ.’ काम दोन दिवसांत होते, मलबा निघत नाही आणि पहिली दोन वर्षे अंगण चकचकीत दिसते. माझ्या मते आपल्या भागात हाच सर्वांत महाग पडणारा उपाय आहे. तो का, हे समजण्यासाठी ही अंगणे मुळात कशी झाली, हे आधी पाहिले पाहिजे.

अंगण सिमेंटचे करणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. सामान्य माणसाच्या दारापर्यंत ते पोहोचायला त्यानंतर दीडशे वर्षे लागली. तोवर वाड्यांत चुन्याचा कोबा असे आणि इतरांच्या दारी शेणाने सारवलेली माती. त्या सारवलेल्या अंगणाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मात्र ते पहाटे उठून सारवणारी बाई त्या कौतुकात क्वचितच दिसते. गावकुसाबाहेरची वस्ती बहुधा उताराच्या खालच्या टोकाला असे आणि गावाचे सांडपाणी तिकडेच वाहत येई. आषाढ-श्रावणात तिथले अंगण म्हणजे चिखल. अशा वस्तीतून निघून नोकरीच्या गावी घर बांधणाऱ्या माणसाने पहिल्या बोनसमध्ये दारापुढे सिमेंट ओतले, तर त्यात केवळ हौस नव्हती. कोरड्या पायाने घरात शिरता यावे, मुलांना बसून अभ्यास करता यावा, साप-विंचू रात्री दिव्यात दिसावा, धान वाळवता यावे, एवढी त्यामागची अपेक्षा होती. चंद्रपूर परिसरात धुळीचे कारणही होते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचे नाव घातले. कोळशाची काळी भुकटी सिमेंटच्या अंगणातून झाडून-धुऊन काढता येते, मातीतून ती निघत नाही. म्हणून ‘पुन्हा मातीकडे चला’ असा उपदेश मी करणार नाही.

या घरांमागे उद्योगांचा इतिहास आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ चा. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली पूर्ण झाले. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच दशकात राजुरा-कोरपना भागातील चुनखडीवर मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. खाण कामगाराच्या निवाऱ्याचा प्रश्न सरकारदरबारी मांडला गेला तो त्याही आधी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना, १९४४ साली, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. कामगारांची घरे हा त्या निधीच्या प्रयोजनांपैकी एक विषय होता. कंपनीच्या चाळीतून स्वतःच्या प्लॉटवर गेलेल्या कुटुंबाला मात्र सारे स्वतःच जुळवावे लागे, आणि सिमेंट तेव्हा सहज मिळत नसे. १९८२ पर्यंत ते पूर्णपणे सरकारी नियंत्रणाखाली होते. त्या वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. सिमेंटच्या वाटपावरूनच १९८२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते, यावरून त्या काळी एका पोत्याला किती मोल होते हे ध्यानात यावे. परमिटवर आणलेली पोती आधी छताला आणि बीमला जात. उरलेल्या मालात अंगण होई. जुनी अंगणे जेमतेम दोन-अडीच इंच जाडीची, कमी सिमेंटची आणि थेट मातीवर ओतलेली का आढळतात, याचे उत्तर या टंचाईत आहे.

पण खरी अडचण त्या मातीत आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना येथे बहुतांश काळी कापसाची जमीन आहे. या मातीतील चिकण खनिज पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. शेतात जे घडते तेच अंगणाखालीही घडते. पावसाळ्यात काँक्रीटच्या कडेने ओल शिरते, कडा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात माती आकसून काँक्रीटखाली पोकळी होते आणि त्यावर मोटारसायकल उभी केली की ते मोडते. काँक्रीट दाबाला बळकट असले तरी वाकण्याला फार दुबळे असते. याउलट वैनगंगेच्या खोऱ्यात, झाडीपट्टीत, हलकी वाळूमिश्रित किंवा मुरमाड जमीन पुष्कळ ठिकाणी आहे. ती फुगत नाही. तिथे अंगण खचते ते बहुधा खालची भरणी नीट न ठोकल्याने, किंवा नालीचे पाणी खालून माती वाहून नेत असल्याने. म्हणून वरोऱ्याच्या मिस्त्रीचा उपाय आरमोरीत जसाच्या तसा चालेलच असे नाही.

दुसरे कारण उष्णतेचे. पारा ४७ अंशांच्या पुढे जातो अशा प्रदेशात काँक्रीटचा पत्रा दिवसा पसरतो, रात्री आकसतो. शिवाय ताजे काँक्रीट सुकताना आपोआप थोडे आखडते. या हालचालीला जागा म्हणून ठराविक अंतरावर सांधे ठेवावे लागतात. जुन्या अंगणांत ते नसतातच. मग काँक्रीट आपले सांधे आपणच पाडते, वेड्यावाकड्या भेगांच्या रूपाने.

आपल्या अंगणाचा रोग कोणता, हे घरच्या घरी ओळखता येते. एखाद्या भेगेची रुंदी मे महिन्यात मोजून लिहून ठेवावी आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजावी. उन्हाळ्यात रुंदावणारी व पावसाळ्यानंतर मिटणारी भेग म्हणजे खाली काळी माती आहे. सब्बलीने हलके ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे काँक्रीट अधांतरी आहे. बादलीभर पाणी जोत्याजवळ ओतून ते कुठे जाते ते पाहावे. घराकडे परतत असेल, तर भेगा असोत वा नसोत, ते अंगण बदललेच पाहिजे. केसासारख्या बारीक, वर्षानुवर्षे तशाच राहिलेल्या भेगा असतील आणि पाणी नीट वाहत असेल, तर मात्र पैसे राखून ठेवावेत. जुने दिसते म्हणून अंगण फोडण्याची गरज नाही.

आता वरून थर टाकण्याविषयी. खालचे काँक्रीट हलते आहे. त्याला चिकटलेला वरचा थरही त्याच रेषेत फाटणार. एक-दोन पावसाळ्यांत जुन्या भेगा नव्या थरावर उमटतात. पण याहून मोठे नुकसान उंचीचे आहे. घर बांधले तेव्हा जोते अंगणापेक्षा दीड-दोन फूट उंच होते. मग समोरचा रस्ता डांबराचा झाला, त्यावर आणखी डांबर, पुढे त्यावरच सिमेंटचा रस्ता. प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता नवा टाकल्याने रस्ता चढत गेला. त्याला तोंड द्यायला घरमालकाने अंगण चढवले. आज कित्येक घरांत अंगणातून ओसरीवर जायला पायरीच उरलेली नाही. जोत्यावरील ओलरोधक थराच्याही वर अंगण आले, की भिंती खालून पाणी ओढतात, रंगाचे पोपडे सुटतात, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी उंबरा ओलांडते. इरई आणि झरपट नद्यांच्या काठच्या वस्त्यांनी पुराचे पाणी घरात आलेले पाहिले आहे. तिथे जोत्याच्या एकेका इंचाला किंमत आहे. जुने काँक्रीट फोडून काढले, तर गमावलेली उंची परत मिळते. माझ्या दृष्टीने फोडण्याच्या बाजूने हाच सर्वांत मोठा मुद्दा आहे.

फोडण्यापूर्वी नालीचा तळ आणि जोत्याची उंची यांची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून काढावी. घरापासून नालीकडे दर दहा फुटांस दोन इंच उतार पुरेसा होतो. काळ्या जमिनीत वरची माती किमान नऊ इंच, शक्य तर दीड फूट काढून त्या जागी मुरूम भरावा. मुरूम एकदम न भरता चार-चार इंचांच्या थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसने ठोकावा. फोडलेल्या काँक्रीटचे मुठीएवढे तुकडे करून ते मुरमाखालच्या सोलिंगसाठी वापरले तर मलबा वाहून नेण्याचा खर्च वाचतो, आणि तो रात्री नदीच्या पात्रात नेऊन टाकण्याचा प्रकारही टळतो. मुरूम परवान्याच्या खदानीतूनच आणावा; गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ‘जवळच्या जंगलातून’ आणलेला मुरूम वनकायद्याखालील गुन्हा ठरतो.

यावर चार इंच काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी, हे प्रमाण भारतीय मानकात एम-२० म्हणून ओळखले जाते. पाचशे चौरस फुटांच्या अंगणाला त्याप्रमाणे ३८ ते ४० पोती सिमेंट, पाऊण ब्रास रेती आणि दीड ब्रासच्या आसपास गिट्टी लागेल. पाणी पोत्यामागे तीस लिटरहून जास्त नको. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो म्हणून मजूर पाणी वाढवतात; तेच पाणी उडून गेल्यावर काँक्रीटमध्ये छिद्रे ठेवते आणि पुढे पृष्ठभाग पिठासारखा झडतो. आठ ते दहा फुटांवर सांधे पाडावेत, खोली एक इंच. जोत्याच्या भिंतीला काँक्रीट चिकटू देऊ नये; मध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवून नंतर ती फट डांबराने भरावी, म्हणजे अंगणाची हालचाल भिंतीला ओढणार नाही.

सारेच अंगण मात्र काँक्रीटने झाकू नये. चंद्रपुरात वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. एवढ्या जागेवर वर्षभरात पन्नास हजार लिटरांहून अधिक पाणी पडते आणि सिमेंटवरून ते बहुतांश नालीत जाते. ओळीतील चाळीस घरांनी हेच केले, की खालच्या टोकाच्या घरात पाणी शिरते आणि मार्चमध्ये सगळ्यांच्याच विहिरी-बोअर तळ गाठतात. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत डोंगरावरचे पावसाचे पाणी खोदीव पन्हळींतून लेण्यालगतच्या कुंडांत नेलेले आजही पाहता येते. शिलालेखांत अशा कुंडांना ‘पोढी’ म्हटले आहे. दगडी अंगणातून पाणी वाहून जाते, हे त्या भिक्खुसंघाला ठाऊक होते आणि ते अडवण्याची तजवीज खोदकामातच केलेली होती. आपल्याकडे घराभोवती तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा, दारापर्यंतची वाट आणि वाहनाची जागा एवढे पक्के करावे. काळ्या जमिनीत हा पट्टा हवाच, कारण पायालगतच्या मातीतील ओल तो फार कमी-जास्त होऊ देत नाही. उरलेल्या जागेत साठ मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक चुरीवर बसवावेत, सांध्यांत सिमेंट न भरता बारीक रेती भरावी. पुढे एखादी जागा खचली तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. झाडाच्या बुंध्याभोवती तीन-चार फूट आणि मागच्या सांदवाडीत माती मोकळी राहू द्यावी. शोषखड्डा करायचा असेल तर काळ्या मातीत तो पायापासून दहा फूट तरी दूर असावा. झाडीपट्टीच्या मुरमाड जमिनीत पाणी सहज मुरते. मोकळ्या जागेचा एक लाभ उन्हाळ्यात कळतो. दिवसभर तापलेले काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. बाज टाकून अंगणात झोपणाऱ्यांना हे सांगायला नको.

अंगणातच बहुधा शौचालयाचे टाकेही असते, आणि त्याचे झाकण त्याच वयाचे. त्यात लोखंडी सळ्या असतात. टाक्यातील ओल व वायू यांनी त्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीटचे खालचे थर सुटतात. वरून ते धडधाकट दिसते. फोडकाम सुरू होण्यापूर्वी टाक्याची जागा चुन्याने आखून घ्यावी आणि त्यावर कोणालाही घन चालवू देऊ नये. मलबा आत पडला तरी तो काढायला माणूस उतरवू नये. टाक्यातील वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि संरक्षक साधनांशिवाय अशा कामाला माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘कोणीतरी मिळेल’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते ती माणसे कोणत्या वस्तीतून येतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. उपसा यंत्रानेच करून घ्यावा.

मिस्त्री, बेलदार आणि रेजा यांच्या विषयीही थोडे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यातून, दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःच्या राहत्या घराचे खासगी काम वगळलेले होते. म्हणजे अंगणाच्या कामावर त्यांची काळजी घेणारा घरमालकाशिवाय दुसरा कोणी नसतो. फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. काँक्रीटवर पाणी मारत फोडले आणि नाका-तोंडाला मास्क दिला तर ती पुष्कळ आटोक्यात येते. ओले सिमेंट तीव्र क्षारधर्मी असते. त्यात दिवसभर अनवाणी वावरणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात. गमबूट आणि रबरी हातमोजे यांचा खर्च सिमेंटच्या दोन-तीन पोत्यांएवढा होईल. तो कामाच्या अंदाजातच धरावा.

हंगाम निवडणे महत्त्वाचे. पूर्वेकडील मजूर नोव्हेंबर-डिसेंबरात धानकापणीला जातात, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानांना. जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने माणसांच्या आणि काँक्रीटच्याही दृष्टीने चांगले. चाळीस अंशांपुढे काँक्रीट ओतायचेच झाले तर ते पहाटे किंवा संध्याकाळी ओतावे, गिट्टी आदल्या रात्री भिजवून सावलीत ठेवावी. आपल्याकडे मिळणारे बहुतेक सिमेंट हे औष्णिक केंद्राची राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट असते. मानकानुसार त्यात राख १५ ते ३५ टक्के असू शकते. ही भेसळ नव्हे. अशा सिमेंटचे काँक्रीट पुढे अधिक घट्ट होते, मात्र सुरुवातीला बळ सावकाश धरते. म्हणून त्याला किमान दहा दिवस आणि कोरड्या उष्ण हवेत चौदा दिवस सतत ओले ठेवण्याची शिफारस भारतीय मानकात आहे. चिखलाच्या छोट्या पाळी घालून पाणी तुंबवून ठेवावे, किंवा जुनी पोती अंथरून ती भिजती ठेवावीत. मजूर चौथ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेले असतात, तेव्हा ही दहा-चौदा दिवसांची पाळत घरच्यांनीच ठेवायची असते. मोटारसायकल दहा दिवस बाहेर ठेवावी, चारचाकी निदान चार आठवडे.